परग्रहवासीयांनी बांधलेल्या महारचनांच्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

अवकाशात कोणीतरी बांधलेली एक अवाढव्य वास्तू आणि तिच्यात शिरणारी मूठभर माणसे, एवढ्या भांडवलावर विज्ञानकथेत कादंबऱ्यांचे एक स्वतंत्र दालन उभे राहिले आहे. पात्रे पुसट आहेत आणि वास्तू बांधणारे काही केल्या समोर येत नाहीत, अशी तक्रार करून पुष्कळ वाचक ही पुस्तके अर्ध्यावर सोडतात. हे मला फार वाईट वाटते, कारण या कादंबऱ्यांत वास्तू हेच मुख्य पात्र असते आणि तिचा स्वभाव संवादांतून नव्हे, तर मापांतून उलगडतो. म्हणून पहिली गोष्ट ही, की अशी कादंबरी वाचायला बसताना कागद आणि पेन्सिल जवळ ठेवावी.

सुरुवात आर्थर क्लार्क यांच्या ‘रांदेव्हू विथ रामा’ या १९७३ सालच्या कादंबरीने करावी. तिच्यातील मापे मोजकी आणि स्वच्छ आहेत. सूर्यमालेत शिरलेला रामा हा ५० किलोमीटर लांबीचा पोकळ दंडगोल असून तो दर चार मिनिटांना स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, आणि त्याच्या पोकळीचा व्यास १६ किलोमीटर आहे. ही माहिती हाती येताच वाचन थांबवावे व एक लांबट आयत काढून त्याच्या मधोमध आसाची रेघ ओढावी. आठ किलोमीटर त्रिज्या आणि चार मिनिटांची फेरी यांवरून गणित केले, तर आतल्या पृष्ठभागावर पृथ्वीच्या साधारण ५६ टक्के वजन जाणवेल असे निघते. आसावर मात्र ते शून्य असते. माणसे आत शिरतात ती नेमकी आसापाशी, आणि सुरुवातीला शिडीने व पुढे जिन्याने उतरू लागतात. पृथ्वीवर ७० किलो भरणारा माणूस वरच्या टोकाला तरंगत असतो, आसापासून चार किलोमीटरवर तो जेमतेम २० किलोचा होतो आणि तळाशी ३९ किलोचा. हे आकडे आकृतीच्या कडेला लिहून मग तो उतरणीचा भाग वाचावा. प्रत्येक पायरीला आपल्याच गुडघ्यांत भार येऊ लागल्याचा भास होतो, आणि परतीची चढण मनात आधीच उभी राहते.

याच पुस्तकात एक तपशील असा आहे, की ज्यावर घाईने पुढे जाऊ नये. माणसे जिथून शिरतात ते टोक कथेत उत्तर मानले आहे; दंडगोलाला आतून वेढणाऱ्या समुद्राच्या उत्तर काठावर ५० मीटर उंचीचा कडा आहे, तर दक्षिण काठावर ५०० मीटरचा. ही तफावत वाचल्यावर पुस्तक मिटून कारण स्वतः शोधावे. भांडे झटक्यात पुढे ओढले की पाणी मागच्या कडेवर चढते, एवढा अनुभव प्रत्येकाला असतो. त्यावरून समजते, की ही वास्तू उत्तरेच्या दिशेने वेग घेण्यासाठी घडवलेली आहे, म्हणजे ती स्वतः एक यान आहे. बांधणाऱ्यांचा चेहरा न दिसताही त्यांनी आधी काय काय विचारात घेतले होते हे त्या कड्यावरून वाचता येते, आणि या साहित्यप्रकारात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच आनंद.

आकृतीशेजारी दोन रकाने आखावेत: एकात पात्रांनी प्रत्यक्ष पाहिलेले आणि दुसऱ्यात त्यांनी त्यावरून ताडलेले. नावांच्या बाबतीत हे विशेष उपयोगी पडते. रामामधील उंच इमारतींसारख्या रचनांच्या बेटाला शोधपथक ‘न्यूयॉर्क’ म्हणते आणि ते शहरच असावे असे आपणही नकळत धरून चालतो. पण ‘शहर’ हा शब्द दुसऱ्या रकान्यात जायला हवा.

त्यानंतर लॅरी निव्हन यांची १९७० सालची ‘रिंगवर्ल्ड’ घ्यावी. इथे प्रमाण इतके वाढते की आकडे वाचून मनात काहीच उमटत नाही, म्हणून ते लहान करून पाहावेत. ताऱ्याभोवती सुमारे १५ कोटी किलोमीटर त्रिज्येचे कडे असून त्याची रुंदी १६ लाख किलोमीटर आहे. एक कोटी किलोमीटरला एक मीटर धरले, तर मोकळ्या मैदानात १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यावर १६ सेंटीमीटर रुंदीची पट्टी उभी करावी लागेल. या मापाने पृथ्वी टाचणीच्या डोक्याएवढी ठरते. त्या पट्टीच्या आतल्या बाजूवर सुमारे ३० लाख पृथ्वींचे क्षेत्रफळ मावते. म्हणूनच या कादंबरीतला प्रवास कधीही पुरा होऊ शकत नाही आणि त्यातील विस्कळीतपणा मला दोष वाटत नाही.

विज्ञान तपासायचे का, असा प्रश्न इथे पडतो. जरूर तपासावे, मात्र पहिले वाचन संपल्यावर. ताऱ्याभोवती फिरणारे अखंड कडे जरासे सरकले तरी आणखी सरकत जाते. शनीच्या कड्यांविषयी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५९ मध्ये याच स्वरूपाचा निष्कर्ष मांडला होता. वाचकांनी ही त्रुटी दाखवून दिल्यावर निव्हन यांनी पुढच्या भागात कडे जागेवर राखणारी यंत्रणा कथेत आणली. ताऱ्याला पूर्ण कवेत घेणाऱ्या कवचाची गोष्टही अशीच आहे. फ्रीमन डायसन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांना एकसंध कवच नव्हे, तर ताऱ्याभोवती फिरणाऱ्या असंख्य वस्तूंचा थवा अभिप्रेत होता. पोकळ गोलाच्या आत कवचाचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही, त्यामुळे आतल्या भिंतीवर माणूस कसा उभा राहतो याचे उत्तर लेखकाला निराळे द्यावे लागते. बॉब शॉ यांची ‘ऑर्बिट्सव्हिल’ वाचताना हा प्रश्न जवळ ठेवावा.

ज्यांना माणसांवाचून चैन पडत नाही, त्यांनी फ्रेडरिक पोल यांच्या ‘गेटवे’कडे वळावे. तिथे परक्यांनी मागे ठेवलेली याने चालवता येतात, पण ती कुठे नेतील हे बसणाऱ्याला ठाऊक नसते, आणि त्या भीतीचा माणसाच्या मनावर झालेला परिणाम हाच कथेचा गाभा आहे.

एक सूचना उरते. रामाचे पुढचे भाग लगेच उघडू नयेत. १९८९ पासून ते जेन्ट्री ली यांच्या सहलेखनातून आले आणि त्यांचा ओढा वास्तूपेक्षा माणसांच्या आपसांतील संबंधांकडे अधिक आहे. त्याआधी पहिल्या पुस्तकाच्या वेळी काढलेली आकृती घेऊन त्यातील समुद्राचे प्रकरण पुन्हा एकदा वाचावे आणि दुसऱ्या रकान्यातले काय काय खोडावे लागते ते पाहावे.