सॉलिसिटर व्हायचंय? मग या चुका टाळा

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (अशिलाला सल्ला देणारा, कागदपत्रं करणारा वकील) होण्यासाठीची एसक्यूई परीक्षा २०२१ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आपल्याकडचे वकील मला एकच विचारतात, "मॅडम, तीन महिन्यांत होईल ना?" हातात सनद आहे, दहा वर्षं कोर्टात गेलीत, कॉमन लॉ (न्यायालयांच्या निकालांवर उभी असलेली इंग्रजी कायदापद्धती) तर आपल्याही ओळखीचाच. पाय घसरतो तो इथेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भारतीय कायदा डोक्यात ठेवून इंग्लंडचा पेपर सोडवणं. मी पुण्यात नऊ वर्षं दिवाणी दावे चालवून परीक्षेला बसले. एसक्यूई १ म्हणजे परीक्षेचा पहिला टप्पा. त्याचे कायद्याच्या ज्ञानाचे दोन पेपर असतात, एफएलके १ आणि एफएलके २. पहिला निघाला, दुसरा गेला. त्यातला मिळकतीचा भाग मी नीट वाचलाच नव्हता. साठेखतं, खरेदीखतं करण्यात हयात गेलेली, त्यात नवं काय वाचायचं!

नंतर सरावाचे प्रश्न पुन्हा काढून बसले. एक प्रश्न असा होता: कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज झालंय (दोन्ही बाजूंनी सह्या केलेल्या कराराच्या प्रती एकमेकांना दिल्यात, व्यवहार पक्का झालाय), व्यवहार पुरा व्हायला दोन आठवडे आहेत, मधेच घराला आग लागली. नुकसान कोणाचं? मी बेधडक विकणाऱ्याच्या नावावर खूण केली होती. साठेखताने मिळकतीत हक्क तयार होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ माझ्या रक्तात भिनलेलं. तिथे मात्र एक्स्चेंज होताच घेणाऱ्याला इक्विटीतला हक्क (घर नावावर होण्याआधीच कोर्ट मानतं तो हक्क) मिळतो आणि नेहमीच्या स्टँडर्ड कंडिशन्सप्रमाणे, म्हणजे विक्री-कराराच्या ठरावीक अटींप्रमाणे, जोखीमही त्याच्याकडे जाते. म्हणून तर घेणाऱ्याचा सॉलिसिटर एक्स्चेंजपासूनच घराचा विमा सुरू करायला लावतो.

मोबदल्याचंही, म्हणजे वचनाच्या बदल्यात जे दिलं जातं त्याचंही, तसंच. आपल्या करार कायद्याच्या कलम २(ड) प्रमाणे तो तिऱ्हाइताने दिला तरी चालतो. तिथे ज्याला वचन दिलं, त्याच्याकडूनच यावा लागतो.

त्यानंतर मी एक दोनशे पानी वही केली. पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे "आपल्याकडे", उजवीकडे "तिकडे". शेवटच्या आठवड्यात डावी बाजू कागदाने झाकून फक्त उजवी वाचायची. गेलेला पेपर तेवढाच परत देता येतो. तो मी या वहीवर काढला. आजही कोणी मार्गदर्शन मागितलं की आधी वही आणायला सांगते. टेलिग्रामवर फिरणाऱ्या तयार नोट्स मी बघतही नाही. दुसऱ्याने मारलेल्या रेघेने तुमच्या डोक्यातला गोंधळ सुटत नाही.

वेळेचं गणित न करणं ही दुसरी चूक. एका पेपरला १८० प्रश्न, ९०-९० च्या दोन सत्रांत, प्रत्येक सत्र २ तास ३३ मिनिटांचं. म्हणजे एका प्रश्नाला १०२ सेकंद. आपण वकील मंडळी प्रत्येक पर्यायाची बाजू मांडत बसतो. घड्याळ लावूनच सराव करा. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

सॉलिसिटर होण्यासाठी परीक्षेबरोबर लागणाऱ्या दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट सनदधारक वकिलांना नाही, नुसत्या पदवीधरांना आहे. हा अनुभव लंडनमध्येच घ्यावा लागतो, हा गैरसमज. भारतातलं कामही धरलं जातं, चारपर्यंत संस्था चालतात. पण त्या कामाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या इंग्लंडच्या सॉलिसिटरने ते प्रमाणित करावं लागतं. एका मुलाने दोन वर्षं काम केलं, नोंद एका ओळीची ठेवली नाही आणि शेवटी पैसे घेऊन सही देणारा कोणी आहे का, असं मला विचारलं. मी त्याला तिथेच थांबवलं. हा धंदा विश्वासावर चालतो, पहिलीच सही खोटी कशी चालेल? रोज संध्याकाळी पाच ओळी लिहा आणि दर महिन्याला त्या सॉलिसिटरला दाखवा.

एसक्यूई २, म्हणजे परीक्षेचा दुसरा टप्पा, त्याचा तोंडी भाग इंग्लंड-वेल्समध्येच होतो. व्हिसाची धावपळ निकालानंतर सुरू करू नका.

आणि बॅरिस्टर, म्हणजे मुख्यतः कोर्टात बाजू मांडणारा वकील? बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले, त्यामुळे या शब्दाबद्दल आपल्या घराघरांत आदर आहे. पण आज बार कोर्स (बॅरिस्टरचा अभ्यासक्रम) करून "कॉल", म्हणजे बॅरिस्टर ही उपाधी, मिळाला तरी तेवढ्यावर वकिली करता येत नाही. त्यानंतर साधारण वर्षभराची प्युपिलेज (अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी) लागते आणि तिच्या जागा फार थोड्या असतात. कोर्सची फी भरण्याआधी चेंबर्सच्या, म्हणजे बॅरिस्टरांच्या कचेऱ्यांतल्या, प्युपिलेजच्या जागांची यादी उघडून बघा.