खानापूरच्या पोरांनो, मुंबईची लोकल अशी पकडा

आपल्या खानापूर स्टेशनात म्हातारी माणसंसुद्धा निवांत चढतात. लोकल मात्र अर्धा मिनिटही थांबत नाही बघा.

दादरला 1 ते 7 प्लॅटफॉर्म पश्चिम रेल्वेचे, 8 ते 14 मध्य रेल्वेचे. इंडिकेटरवर गाडी कुठली, किती वाजताची, जलद की धीमी, तिन्ही वाचा. आपल्याला उतरायचं विद्याविहारला; मध्य रेल्वेच्या या स्टेशनात धीमीच थांबते. पहिल्या दिवशी मी जलदमध्ये चढलो नि थेट पुढच्या घाटकोपरला पोचलो.

सॅक पोटावर घ्या. कुर्ला गेलं की दाराकडं सरका, पुढच्याला "विद्याविहार उतरणार काय?" विचारा. दारात लटकू नका, हात जोडून सांगतो. मागून दुसरी लोकल येतेच. तिरक्या लाल-पिवळ्या पट्ट्यांचा डबा फर्स्ट क्लासचा, साध्या तिकिटावर त्यात चढू नका.