लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळी? ड्रायव्हर शोधत बसण्याआधी हे करा

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. तालुक्याच्या ठिकाणची झेरॉक्स-ऑनलाइनची दुकानं आणि गावातल्या शाळांमध्ये असलेले बरेच जुने डेस्कटॉप विंडोज ११ घेत नाहीत. मग कोणीतरी विंडोजच्या जागी लिनक्सची मिंट किंवा उबुंटू ही सिस्टिम टाकून देतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, “भाऊ, स्क्रीन काळीच हाये, काऊन चालून नाही राहिलं?”

पहिली गोष्ट, कुठल्याही वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवू नका. विंडोजवर लागलेली ती सवय इथे अंगाशी येते. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आधीपासूनच असतात. त्यांच्यासाठी वेगळं काही टाकायचं नसतं. खरी भानगड बहुतेक वेळा एनव्हिडियाच्या कार्डांची असते. आणि कित्येकदा तर ड्रायव्हरचा काही दोषच नसतो.

आधी मागची बाजू पाहा

नागपूर-अमरावतीहून आणलेल्या सेकंडहँड डेस्कटॉपमध्ये कोणीतरी वरून ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असतं. मग मॉनिटरची केबल लावायला दोन जागा दिसतात, एक यूएसबीच्या शेजारी मदरबोर्डवर आणि दुसरी खाली कार्डावर. कार्ड असताना केबल मदरबोर्डला लावली तर बऱ्याच मशीनवर काहीच दिसत नाही. केबल कार्डाला लावा.

स्क्रीन येते, पण सगळं जाडंजाडं दिसतं आणि रेझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही? निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या. मॉनिटर स्वतःची माहिती याच केबलमधून कॉम्प्युटरला देतो आणि त्यासाठी १५ पैकी १२ आणि १५ नंबरच्या पिना लागतात. हलक्या केबलींमध्ये कधी त्या तारा जोडलेल्याच नसतात, कधी पिन वाकून आत गेलेली असते. (९ नंबरची पिन मात्र चांगल्या केबलींतही बऱ्याचदा नसते, तिच्यासाठी दुकानदाराशी भांडू नका.) दुसऱ्याची केबल मागून लावून पाहा. रेझोल्यूशन सुधारलं तर काम तिथेच झालं.

एप्रिल-मे मध्ये तासभर चालून मग स्क्रीन गोठत असेल तर कार्डाचा पंखा तपासा. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत त्यावर कापसाचा थर बसलेला असतो. तो ब्रशने काढा.

कार्ड कोणतं ते विचारा

कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत एल, एस, पी, सी, आय असं सलग टाइप करा, मग एक स्पेस, आडवी रेघ आणि तिला चिकटून के. एंटर दाबल्यावर लांब यादी येईल. त्यात व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलर लिहिलेली ओळ शोधा. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं दिसेल. पुढे आय९१५ असेल तर इंटेल, एएमडीजीपीयू किंवा रेडिऑन असेल तर एएमडी, नूव्हो असेल तर एनव्हिडियाचा मुक्त ड्रायव्हर. ही ओळच नसेल तर कार्डाला ड्रायव्हर लागलेला नाही.

सेटिंगमधल्या सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर चित्र काढायचं काम प्रोसेसरच करतोय. यूट्यूब अडखळतं ते त्यामुळे.

स्क्रीन काळीच असेल तर

पेनड्राइव्हवरून सुरू करताना मिंटमध्ये ‘कंपॅटिबिलिटी मोड’ आणि उबुंटूमध्ये ‘सेफ ग्राफिक्स’ निवडा. इन्स्टॉल झालेल्या मशीनवर चालू करताच शिफ्ट धरून ठेवा, नव्या मशीनवर एस्केप एकदा दाबा. ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू येईल. पहिल्या ओळीवर ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी, क्वायट स्प्लॅशच्या पुढे, स्पेस देऊन ‘नोमोडसेट’ लिहा: एन ओ एम ओ डी ई एस ई टी. मग एफ१०.

हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो. काही जण तो कायमचा लिहून ठेवतात आणि मशीन हळू चालतं म्हणून लिनक्सला शिव्या देतात. आत शिरून खरा ड्रायव्हर टाकण्यापुरतीच ती वाट आहे.

अपडेटनंतर काळी पडली असेल तर त्याच मेन्यूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. बहुतेक वेळा तेवढ्याने मशीन उठतं.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर

आधी टाइमशिफ्ट हा प्रोग्राम उघडून स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या आत्ताच्या स्थितीची नक्कल, घ्या. हे टाळू नका. काही बिघडलं तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तिथून जुनी स्थिती परत आणता येते.

नेट नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. ड्रायव्हर काही शे एमबींचा असतो, तेव्हा दिवसाचा डेटा उरलाय का ते पाहूनच बसा. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’, उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा. ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तोच घ्या. मोठा आकडा म्हणजे चांगला ड्रायव्हर असं नाही. आपल्याकडे खूप दिसणारं जीटी ७१० हे कार्ड ४७० च्या मालिकेवरच थांबलंय, त्यापुढचे ड्रायव्हर त्याला ओळखत नाहीत. त्याहून जुन्या, फर्मी पिढीच्या कार्डांचा सपोर्ट एनव्हिडियाने २०२२ अखेर सोडला. ती नूव्होवरच राहू द्या.

सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर चालू न देणारी मशीनची सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहा, कारण रीस्टार्ट झाल्यावर निळ्या स्क्रीनवर तोच लागतो. तिथे ‘एन्रोल मॉक’ निवडा, मग कंटिन्यू, येस, पासवर्ड. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, दिसणारही नाहीत. ही निळी स्क्रीन काही सेकंदच थांबते. चहा आणायला गेलात की ती निघून जाते आणि ड्रायव्हर असूनही चालत नाही. तसं झालं तर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा उपाय.

मधेच लाइट गेली तर

यूपीएस नसेल तर हे काम दुपारच्या भारनियमनाच्या तोंडावर काढू नका. तरी अर्ध्यात लाइट गेलीच तर ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ‘रिकव्हरी मोड’ घ्या. यादीत ‘डीपीकेजी’ असं दिसेल, ते निवडा. अर्धवट राहिलेली पॅकेजं ते पुरी करतं. लिनक्स पुन्हा टाकायची गरज नसते.

एवढं करूनही जमलं नाही तर मशीन बंद करा, कार्ड काढून ठेवा आणि केबल मदरबोर्डला लावा. सातबारा काढणं, फॉर्म भरणं, पीकविमा, व्हिडिओ, हे सगळं इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर आरामात होतं. फक्त कार्ड काढण्याआधी प्रोसेसरचं नाव वाचून घ्या. इंटेलच्या नावाअखेरीस एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, एएमडीच्या रायझेनच्याही बऱ्याच प्रोसेसरांत नसतं. अशा मशीनमध्ये कार्ड राहू द्या आणि नूव्होवर काम चालवा.