लेबल नसलेले नवीन गायक आणि बँड कसे शोधायचे

आपण जे ऐकतो तेच ॲप परत परत समोर आणतं आणि वर्षभर तीच दहा-बारा नावं फिरत राहतात, आणि तिकडे ज्यांच्यामागे लेबल म्हणजे गाणी काढणारी कुठलीच कंपनी नाही अशी पोरं-पोरी घरच्या खोलीत बसून कमाल गाणी करतायत ती आपल्यापर्यंत येतच नाहीत. मला फार वाटतं की त्यांना आपणच शोधायला पाहिजे. एक गोष्ट लक्षात ठेवा, नवीन नाव बहुतेक वेळा आपल्या आवडत्या नावाच्या शेजारीच सापडतं.

म्हणून आधी एक आवडतं गाणं घ्या आणि त्याची क्रेडिट्स वाचा. स्पॉटिफायवर गाण्याच्या तीन टिंबांवर दाबलं की मिळतात, युट्यूबवर खाली डिस्क्रिप्शनमध्ये असतात. गिटार कोणाचं, मिक्सिंग कोणाचं, मागचा आवाज कोणाचा, सगळी नावं एकेक करून सर्च करा, त्यातल्या कोणाचं तरी स्वतःचं चॅनेल असतंच आणि त्यावर फार कमी लोक पोचलेले असतात.

मग बँडकॅम्पवर जा. आर्टिस्ट आपली गाणी थेट ऐकणाऱ्यांना विकतात अशी ही साइट 2008 पासून आहे, आपल्याकडे अजून खूप जणांना माहीतच नाही. तिथे शहराच्या नावाचा टॅग टाकून शोधता येतं, पुणे टाका, मुंबई टाका, गोवा टाका. पण खरी मजा अल्बमच्या पानावर आहे, तो ज्यांनी विकत घेतलाय त्यांचे छोटे छोटे फोटो तिथे दिसतात, एकावर क्लिक केलं की त्या माणसाचं अख्खं कलेक्शन उघडतं. खिशातले पैसे घालून घेतलेली गाणी आहेत ती, त्यामुळे आवड जुळली तर एका माणसाकडून महिनाभर पुरेल एवढं ऐकायला मिळतं. साउंडक्लाउड या गाणी अपलोड करायच्या साइटवरही असंच करा, आवडत्या आर्टिस्टने स्वतः काय लाइक केलंय ते बघा.

स्पॉटिफाय तुमच्या आवडीवरून दोन प्लेलिस्ट बनवतं, डिस्कव्हर वीकली सोमवारी आणि नव्या गाण्यांची रिलीज रडार शुक्रवारी बदलते, त्यांचाही उपयोग होतो, फक्त लहान आर्टिस्टना फॉलो करत चला म्हणजे त्यांचं नवीन गाणं आलं की रडारमध्ये दिसेल.

आता मोबाईल ठेवा आणि बाहेर पडा, कारण कितीतरी चांगले लोक अजून ऑनलाइन आलेलेच नाहीत. कॉन्सर्टला वेळेआधी जा, मोठ्या बँडच्या आधी जे वाजवतात त्यांच्यासाठीच जा. शास्त्रीय आवडत असेल तर मैफलीत तानपुऱ्यावर मागे बसलेले शिष्य मधूनमधून गातात ना, तो आवाज नीट ऐका आणि निवेदक नावं सांगतो तेव्हा लिहून घ्या. गुरुपौर्णिमेच्या सुमारास तर गावोगावी गुरूंकडे शिष्यांचे कार्यक्रम होतात, बऱ्याच ठिकाणी तिकीटही नसतं, विशी-पंचविशीतले गायक अर्धा-पाऊण तास जीव ओतून गातात आणि समोर बहुतेक घरचेच लोक असतात. तिथे जाऊन बसा. 14 एप्रिलच्या आगेमागे वस्त्यांमध्ये, चौकांत भीमगीतांचे कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतात, काय ताकदीचे आवाज ऐकायला मिळतात तिथे! त्या गायन पार्ट्यांची रेकॉर्डिंग पुष्कळदा लोकल युट्यूब चॅनेलवर येतात, तालुक्याचं नाव टाकून शोधा. कॉलेजचे फेस्टिव्हल आणि कॅफेमधली ओपन माइकही सोडू नका.

कोणी सापडलं की लगेच फॉलो करा, गाणं सेव्ह करा, पूर्ण ऐका. स्पॉटिफायवर 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही, म्हणजे नवख्या माणसासाठी तुमचं एकेक ऐकणंही मोलाचं असतं. जमत असेल तर गाणं विकत घ्या. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के ठेवतं, पेमेंटचा खर्च वजा जाऊन बाकीचे आर्टिस्टला जातात, आणि ठरावीक शुक्रवारी, ज्याला बँडकॅम्प फ्रायडे म्हणतात, ते स्वतःचा हिस्साच सोडतात, 2020 मध्ये कोविडमध्ये सुरू झालंय हे. त्या दिवशीच खरेदी करा. आणि गाण्याखाली कमेंट टाकताना नुसतं 'मस्त' लिहू नका, कुठली ओळ आवडली, कुठला सूर लागला ते लिहा, आणि तुमच्या गावात कार्यक्रम करणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना ती लिंक पाठवा.