बाटिक करायला बसण्यापूर्वी

बाटिक म्हणजे कापडावर मेणाने चित्र काढून रंगवणं; मेणाखाली रंग पोचत नाही. कापडापासून सुरुवात करा. मलमल किंवा पॉपलिन, पण निव्वळ सुती. पॉलिएस्टरच्या धाग्यावर बाटिकचे नेहमीचे रंग चढतच नाहीत. नव्या कापडातली खळ निघेपर्यंत ते साबण आणि धुण्याच्या सोड्यात उकळून घ्या. राहिलेली खळ रंगाला आत शिरू देत नाही.

मग चित्र, आणि त्याहून महत्त्वाचा रंगांचा क्रम. तो कागदावर लिहून समोर लावा. पांढरं ठेवायचं ते पहिल्या मेणाखाली, नंतर फिकट रंग, शेवटी गडद. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा होणार, हे आधीच धरून चाला. तयारीचा निम्मा वेळ मी या कागदाला देते, कारण चुकून पडलेला मेणाचा थेंब कापडावरून पुरता निघत नाही.

मधमाशीचं मेण लवचीक, पॅराफिन (मेणबत्तीचं मेण) ठिसूळ. रंगाच्या बारीक शिरा उमटायला हव्या असतील तर पॅराफिन वाढवा, स्वच्छ रेघ हवी असेल तर मधमाशीचं. मेण नुसतं वितळून भागत नाही, ते कापडात मुरायला हवं. त्याच कापडाच्या तुकड्यावर थेंब टाकून बघा: पारदर्शक दिसला आणि मागेही उमटला तर ठीक, पांढरट होऊन वरच बसला तर मेण अजून थंड आहे. धूर दिसला की लगेच आच बंद. ज्योतीपेक्षा तापमान धरून ठेवणारं विजेचं भांडं बरं. त्याचं झाकण हाताशी असू द्या आणि खिडकी उघडी ठेवा. मेण पेटलं तर पाणी कधीही ओतू नका, झाकण घाला.

जावातली चांटिंग, म्हणजे तांब्याच्या तोटीची लेखणी, एक बारीक आणि एक जाड तोटीची, अशा दोन असाव्यात. ब्रश नैसर्गिक केसांचे. एकदा मेणात बुडाले की ते मेणाचेच. कापड ताणायला लाकडी चौकट.

रंग थंड पाण्यात चढणारे रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक जोड होऊन पक्के बसणारे, घ्या. हे 1956 साली बाजारात आले. गरम पाण्यात मेणच सुटेल, म्हणून स्टुडिओत यांचीच सोय. भुकटी कालवताना मास्क आणि हातमोजे हवेतच. रंग पक्का करणारा धुण्याचा सोडा अगदी शेवटी मिसळा, कारण त्यानंतर काही तासांत रंगाचा जोर जातो.

मेण काढायची सोयही आधीच करा: इस्त्री, भरपूर रद्दी आणि कापडाला लागून ठेवायला कोरा कागद, नाहीतर छपाईची शाई कापडावर उतरते. उकळून काढणार असाल तर स्वयंपाकात पुन्हा न वापरायचं मोठं पातेलं घ्या. पाणी निवलं की मेणाची वडी वर येते, ती उचलून ठेवा. मोरीत ओतलेलं मेण पाइपात गोठतं.