बेघरांसाठी तुळजापूरपर्यंत चालताय?
बेघरांच्या निवाऱ्यासाठी निधी जमवायला सोलापूर ते तुळजापूर चालणार असाल, तर बुटांआधी पैशांचं बघा. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. स्वतःच्या फोनवर घेतली की हिशेब देता देता नाकी नऊ येतात. २००० रुपयांवरची रोख देणगी आयकरातल्या देणगीच्या सवलतीत (८०जी) धरत नाहीत, हेही देणाऱ्यांना सांगून टाका. अंतर साधारण ४५ किलोमीटर. कोजागरीला हा रस्ता माणसांनी फुललेला असतो, एरवी गाड्यांचाच. म्हणून पहाटे निघताना पाठीवर चमकणारी पट्टी हवीच. महिना डिसेंबर-जानेवारी, मार्चनंतर सोलापूरचं ऊन, नको रे बाबा! बूट वापरातले, टाचांना आधीच व्हॅसलीन. फोड आलाच तर फोडू नका, चिकटपट्टी लावा. आणि चादरी परस्पर गोळा करू नका, निवाऱ्यात काय कमी आहे ते आधी विचारा.