पुरात गावचा रपटा गेला, शाळेची भिंत पडली, आता सरकारी पैसा मागायचा कसा

पूर ओसरला की गावात पहिला कल्ला असतो पिकाच्या पंचनाम्याचा. असायलाच पाहिजे. पण त्याच आठवड्यात नाल्यावरचा रपटा (पुरात वरून पाणी जाते असा ठेंगणा पूल), शाळेची खोली, पाण्याच्या विहिरीवरचं पंपघर, अंगणवाडी यांचा पंचनामा कोण करून घेते सांगा बरं? वावराला सातबारा हाय, मालक हाय, तो तलाठ्याच्या मागं लागते. रपट्याले कोण मालक? म्हणून ते राहून जाते आणि दिवाळीनंतर आपण आमदाराच्या दारात निवेदन घेऊन उभे.

मी ग्रामपंचायत सदस्य असताना हे स्वतः भोगलं. जुलै २०२२ च्या पुरात, तेव्हा वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली सगळीकडंच पाणी होतं, आमच्या नाल्यावरचा रपटा गेला आणि मी मोठ्या हुशारीनं अर्ज दिला, "रपटा नादुरुस्त असून नवीन पूल मंजूर करावा". तारीख नाही, पुराचा उल्लेख नाही, फोटो एक आणि तोही व्हॉट्सॲपवरचा. तीन महिन्यांनी कळलं की अर्ज पुराच्या फाईलमध्ये गेलाच नाही, नवीन कामांच्या गठ्ठ्यात पडून होता. चूक माझीच होती, काहून का मी मागितलं तेच नवीन काम.

म्हणून आधी हे डोक्यात घ्या. आपत्तीचा पैसा येतो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, ज्याला सगळे एसडीआरएफ म्हणतात, महाराष्ट्रासाठी त्यात ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. त्याचं बजेटचं हेड, म्हणजे खर्चाच्या खात्याचा नंबर, २२४५, हा आकडा लक्षात ठेवा, बाबूसमोर बोलला की तो जरा सरळ बसते. या पैशातून सार्वजनिक कामाची फक्त तातडीची दुरुस्ती होते, म्हणजे रस्ता जाण्यायेण्यालायक करणं, पाणी सुरू करणं, शाळेचं छप्पर नीट करणं. मैदानी भागात साध्या आपत्तीला ३० दिवस आणि मोठीला ४५ दिवस अशी मुदत धरलेली आहे. रुंद पूल, आरसीसीची नवी इमारत त्यात बसत नाही. म्हणून मागणी दोन कागदांवर करा, एक तातडीच्या दुरुस्तीची आणि दुसरी कायमच्या कामाची. एकाच कागदावर दोन्ही लिहिलं की दोन्ही अडकतात. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी आपत्तीच्या एकूण पैशाची वाटणी केली तेव्हा ४० टक्के मदतीला, ३० टक्के पुनर्बांधणीला, १० टक्के तयारीला आणि २० टक्के धोका कमी करण्याला ठेवले होते, म्हणजे पुनर्बांधणी मागणं काही भीक मागणं नाही, तिच्यासाठी वेगळा कप्पाच केलेला आहे.

आता पहिलं काम, चिखल वाळायच्या आत फोटो. फोनमध्ये जीपीएस मॅप कॅमेरा नावाचं ॲप टाकून घ्या, फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश रेखांश आलं पाहिजे. एक लांबून, एक जवळून, आणि एक असा की ज्यात पुराची खूण दिसते, भिंतीवरचा पाण्याचा पट्टा, झाडाला अडकलेला कचरा. जुना फोटो असला तर सोन्याहून पिवळं, १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीचा असला तरी चालते, मागं रपटा उभा दिसला म्हणजे झालं. नाहीतर साहेब म्हणते हे आधीपासूनच पडेल होतं.

मग बघा वस्तू कोणाची. ग्रामपंचायतीच्या नमुना २२ मध्ये इमारतींची आणि नमुना २३ मध्ये रस्त्यांची नोंद असते, तिचा उतारा ग्रामसेवकाकडून (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) सहीशिक्क्याचा घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग असला तर जिल्हा परिषद बांधकाम, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असला तर सार्वजनिक बांधकाम विभाग. प्रधानमंत्री ग्रामसडकचा रस्ता असला तर आधी पाटी वाचा, पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते, ती चालू असली तर पहिलं पत्र तिकडं. नळयोजना ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाकडं, डीपी आणि खांब महावितरणकडं, त्यात ग्रामपंचायतीनं पडूच नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे भाऊ, तुमचा मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांचा तलाव) फुटला असंल तर १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचा तलाव जिल्हा परिषदेकडं येते. चुकीच्या ऑफिसात दिलेला अर्ज कोणी पुढं पाठवत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

पंचनाम्याच्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषीवाले गावात येतातच. त्या दिवशी त्यांना वावरातून थेट जाऊ देऊ नका, चहा पाजा आणि रपट्यावर न्या. सार्वजनिक नुकसानीचा वेगळा पंचनामा करा म्हणा, पाच पंचांच्या सह्या घ्या, आणि कागद तहसीलला जायच्या आधी त्याचा फोटो काढून घ्या. लांबी, रुंदी, उंची टेपनं मोजून लिहा. "रपट्याचे मोठे नुकसान झाले" हे वाक्य काही कामाचं नाही, "१२ मीटरपैकी ७ मीटर भाग वाहून गेला, ३ पाइप उघडे पडले" असं पाहिजे.

शब्दांचं सांगतो, कारण निम्मी फाईल तिथंच मरते. जीर्ण, मोडकळीस, नादुरुस्त हे शब्द चुकूनही नको. अमुक तारखेला आलेल्या पुरामुळे वाहून गेला, असं लिहा. अतिवृष्टी तेव्हाच धरतात जेव्हा महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडते, तो आकडा तहसीलमध्ये मिळते, अर्जाला जोडा. पण तुमच्या मंडळात पाऊस कमी आणि पाणी वरून आलं असंल तर अतिवृष्टी लिहूच नका, पूर लिहा. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचं तेच झालं, पाऊस मध्य प्रदेशात, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, गोसीखुर्दचे दरवाजे उघडले आणि भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या गावांत घरात पाणी. अशावेळी पर्जन्यमापकाचा आकडा तुमच्याच विरोधात जाते.

मग ठराव. मासिक सभा लांब असंल तर विशेष सभा घ्या, ठरावात वस्तू, तारीख, मोजमाप आणि किती घरं, किती पोरं अडकली ते लिहा. शाळा असली तर शाळा व्यवस्थापन समितीचा वेगळा ठराव. आणि पडलेल्या खोलीचा मलबा, सळाख, दरवाजे कोणी भंगारात देऊ नका, आधी निर्लेखनाची, म्हणजे ती वस्तू नोंदीतून काढायची, मंजुरी लागते, नाहीतर उलटी चौकशी तुमच्यावरच.

यानंतरचा खरा माणूस म्हणजे शाखा अभियंता. अंदाजपत्रक त्यालेच करायचं असते, आणि त्याच्याकडं तेव्हा चाळीस गावं असतात. त्याले शिव्या देऊन काही होत नाही. गाडी पाठवा, टेप धरायला दोन पोरं द्या, मोजमाप तयार ठेवा. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, हा क्रम आहे, आणि आदेश हातात येईस्तोवर स्वतःच्या पैशानं काम सुरू करू नका, नंतर बिल निघत नाही. मुरूम टाकून श्रमदानानं वाट केली तर चालते, पण त्याच्या आधी फोटो.

संपूर्ण संच तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष, तिघांना द्या, प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, सही आणि आवक नंबर, "ठेवून जा" याले पोच म्हणत नाही.

कायमच्या कामाचा दुसरा कागद जिल्हा वार्षिक योजनेकडं. रस्त्याला ३०५४ आणि ५०५४ ही हेडं, गावातल्या मूलभूत सुविधांना २५१५, ते मात्र राज्याच्या ग्रामविकास विभागाचं, त्याला आमदाराचं पत्र लागते, तिथं लाजू नका. पेसातलं (आदिवासी भागाच्या ग्रामसभा कायद्यातलं) गाव असंल तर ५ टक्के अबंध निधी ग्रामसभेच्या हातात असते, छोटी दुरुस्ती त्यातून होऊ शकते. वित्त आयोगाचा पैसा मात्र जपून, त्यातला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेलाच, तो रस्त्यावर लावला की ऑडिटमध्ये सरपंच फसते.

दोन महिने उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस. "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याचं उत्तर देत नाहीत. विचारा, आवक नंबर अमुकच्या पत्रावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्या, आणि तालुक्यातून जिल्ह्याला गेलेल्या सार्वजनिक मालमत्ता नुकसानीच्या यादीची प्रत द्या. यादीत आपलं गाव नसलं तर पोच जोडून त्याच दिवशी पुरवणी यादीसाठी पत्र. आमच्या रपट्याचं नाव दुसऱ्या खेपेला असंच पुरवणीत घुसलं, तेही आमच्या शिपायानं पहिल्या अर्जाची पोच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती म्हणून.